२००१ ची पोर्शे ९११ रोज चालवायला घेतली, तर देखभालीचा खर्च पेलेल का?
पेलेल, मात्र हिशेब गाडीच्या आजच्या उतरलेल्या किमतीवर न करता ती नवी असतानाच्या किमतीवर करावा, कारण गाडी जुनी झाली तरी सुटे भाग आणि मजुरी पोर्शेच्याच दराने मोजावी लागते. या गाड्या दुरुस्त करताना मी सर्वप्रथम जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे चकाकते कण आहेत का ते पाहतो, कारण तसे कण इंजिनातले बेअरिंग झिजू लागल्याची खूण असू शकतात. इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे, म्हणजे आयएमएसचे बेअरिंग फुटले, तर बहुधा अख्खे इंजिनच निकामी होते. म्हणून क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा हे बेअरिंगही अवश्य बदलून घ्यावे. टर्बो प्रकाराचे इंजिन वेगळ्या बांधणीचे असल्याने त्याला ही भीती नाही.