आधी फांदी लिही

पोरी,

बीच या झाडाच्या जातींच्या पानांवरच्या रंध्रांची मोजणी जुळत नाही, विषय बदलून साग घेऊ का, असं विचारतेस. साग घेतलास तरी हेच होणार. जर्मनीहून सीनियरनं पाठवलेल्या पाकिटांवर जातीचं नाव आहे. पान शेंड्याचं की आतल्या सावलीतलं, हे कुठे आहे? नाही ना? मग मोजलंस काय?

बीचचं उन्हातलं पान जाड, सावलीतलं पातळ. उन्हातल्या पानावर पर्णरंध्रंही, म्हणजे पानाची श्वासाची बारीक छिद्रंही, दाट. एकाच झाडाची दोन पानं दोन जातींची वाटावीत इतकं. म्हणून आधी फांदी लिही, मग मायक्रोस्कोपला डोळा लाव.

नुसत्या दाटीवर विसंबू नकोस. वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिस्बरीनं १९२७ साली मांडलेला निर्देशांक काढ: रंध्रं आणि अपित्वचेच्या, म्हणजे पानाच्या बाहेरच्या कातडीच्या, इतर पेशी मिळून शंभर धरल्या, तर त्यात रंध्रं किती. ऊन-सावलीनं तो कमी हलतो. आणि आकड्यांआधी पृष्ठभाग बघ. जपानच्या बीचच्या, फॅगस जॅपोनिकाच्या पानाखाली अपित्वचेवर बारीक उंचवटे असतात, युरोपच्या बीचला, फॅगस सिल्व्हॅटिकाला नसतात. अशी खूण सापडली की निम्मं काम झालं.

एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नाही हे रडगाणं पुरे. पाल गावाच्या वाटेवर एखादा उंबर गाठ. शेंड्याचं एक पान, बुंध्याजवळच्या सावलीतलं एक. खालच्या बाजूला, शिरा चुकवून, नेलपॉलिशचा पातळ हात दे. आपल्याकडच्या उन्हात ते लगेच वाळतं. वर सेलोटेप दाब, अलगद उचल, स्लाइडवर चिकटव. रंध्रांचा ठसा उमटलेला दिसेल. मोज दोन्ही, म्हणजे मी का ओरडतो ते कळेल.

फांदी लिहायच्या याच रकान्यावरून मी विभागात हटवादी ठरलो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातला ‘फांदीची जागा’ हा रकाना परीक्षकांना फालतू वाटला. मी तो काढू दिला नाही. प्रबंध लांबला, पोराची नोकरीची संधी हुकली. ती चुटपुट अजून आहे. पण रकाना आजही काढणार नाही. त्याच्याशिवाय ते आकडे कशाचे होते, सांग ना!

सीनियरला आजच लिही: झाड, फांदीची उंची, दिशा, ऊन की सावली; प्रत्येक पान वेगळ्या कागदात. तोवर उंबर. नेलपॉलिश बहिणीचं घेतलंस तरी चालेल, फक्त रंगीत नको.

तुझा,
सर