लूपचा सांधा लपवताना सुरुवातीला एवढेच पाहा

पावसाचा लूप, म्हणजे संपताच पुन्हा सुरुवातीपासून वाजणारी ध्वनिफाइल, बनवताना दर फेरीला ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर त्याचे कारण बहुधा असे की फाइल संपताना ध्वनिलहर ज्या पातळीवर असते, त्या पातळीवरून ती पुन्हा सुरू होत नाही. म्हणून लहर शून्य रेषा (लहरीच्या आलेखातली मधली आडवी रेषा) ओलांडते तिथेच दोन्ही टोके कापावीत. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाग निवडून ‘झेड’ कळ दाबली की निवडीच्या कडा अशा जागी सरकतात.

पाऊस, वारा यांसारख्या सलग आवाजांना एवढे पुरत नाही. तिथे फाइल मधोमध कापून दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करावी, म्हणजे मुळात सलग असलेली जागा नव्या फाइलची टोके बनते आणि न जुळणारा सांधा मध्यभागी येतो, जिथे दोन्ही भाग एक-दोन सेकंद एकमेकांवर चढवून क्रॉसफेड देता येतो, म्हणजे एक भाग हळूहळू विरतो तसा दुसरा हळूहळू वाढतो. माझ्या मते नवशिक्याने आधी हीच युक्ती आत्मसात करावी.

नेहमीच्या चुका अशा:

- टोकांना फेड-इन आणि फेड-आउट देणे, म्हणजे सुरुवातीला आवाज शून्यापासून वाढवणे आणि शेवटी शून्यापर्यंत उतरवणे. त्याने ‘टक्’ जाते, पण दर फेरीला आवाज खचतो.
- एमपीथ्रीमध्ये साठवणे. या प्रकारात फाइलच्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते, म्हणून सांध्यावर खंड पडतो. त्याऐवजी वेव्ह किंवा ऑग हे फाइलप्रकार वापरावेत.
- एखादी ठळक शिट्टी किंवा खोकला तसाच ठेवणे. सांधा निर्दोष असला तरी पुनरावृत्ती त्यावरूनच उघडी पडते.

तालबद्ध संगीताच्या लूपची लांबी ठरवण्याचे गणित तूर्त बाजूला ठेवा. तयार फाइल हेडफोनवर सलग दहा मिनिटे, पडद्याकडे न पाहता ऐका.