‘चालेल सर’ : होकार की परवानगी?

प्रश्न असा आला आहे. वरिष्ठांचा मेसेज आला, ‘अहवाल आज पाचपर्यंत पाठवा.’ उत्तर गेलं, ‘चालेल सर.’ शेजारच्या सहकाऱ्याने ते वाचून कान टोचले, की साहेबांना कोणी ‘चालेल’ म्हणतं का? प्रश्नकर्त्याचं म्हणणं, आपण ते ‘ओके’ या अर्थाने लिहिलं, वर ‘सर’ही जोडलं, यात उद्धट काय आहे? आणि ‘चालेल’ नको तर लिहायचं काय?

सहकाऱ्याला काहीतरी खटकलं ते बरोबर खटकलं. पण ‘चालेल’ हा शब्द उद्धट आहे हे काही मला पटत नाही. हाच शब्द साहेबांशी बोलताना अतिशय नम्रही असू शकतो, ते पुढे येईलच.

आधी ‘चालणे’ या क्रियापदाकडे बघू. पायांनी चालणं सोडून द्या. नाणं चालतं, हुकूम चालतो, सत्ता चालते. ‘माझं घरात काही चालत नाही’ म्हणणारा माणूस आपल्या पायांविषयी तक्रार करत नसतो, तो अधिकार नसल्याचं सांगत असतो. ‘हे इथे चालणार नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभतं? ज्याचं तिथे चालतं त्याच्या. ‘चालवून घेणे’ पाहा. दुसऱ्याची चूक, उशीर, अर्धवट काम चालवून घेतो तो नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. हाताखालच्याने साहेबांचा उशीर ‘चालवून घेतला’ असं कोणी म्हणत नाही, तो बिचारा सहन करतो.

म्हणजे ‘चालेल’ म्हणताना आपण नकळत एक निर्णय देतो: तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, होऊ द्या. समोरच्याने आपली संमती मागितली असेल तर हा निर्णय देण्यात काहीच गैर नाही. साहेबांनी विचारलं, ‘उद्या चारला भेटू या का?’ तर ‘चालेल’ हे उत्तम उत्तर आहे, कारण त्यांनीच निर्णय तुमच्याकडे दिला. पण ‘पाठवा’ हा प्रश्न नव्हता. तिथे ‘चालेल’ म्हटलं की न मागितलेली परवानगी दिल्यासारखं होतं. पुढचं ‘सर’ तिथे उपयोगी पडत नाही, उलट विसंगती जास्त डोळ्यांत भरते.

आता हाच शब्द प्रश्नात घाला: ‘अहवाल उद्या अकरापर्यंत पाठवला तर चालेल का?’ यापेक्षा अदबीने मुदत कशी मागायची मला सांगा. निर्णय पुरता समोरच्याच्या हाती दिला. ‘चालेल का’ खालून वर विचारतात आणि ‘चालेल’ वरून खाली सांगतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी बहुतेक मेसेज सुधारतील. बरोबरीच्या लोकांत अर्थात दोन्ही दोन्हीकडून चालतं (हे ‘चालतं’ माझ्याकडून सहज आलं, बघा).

मग लिहायचं काय? ‘पाठवतो’ किंवा ‘पाठवते’. एवढंच. मराठीत होकार देण्याची जुनी, सरळ रीत म्हणजे विचारणाऱ्याचंच क्रियापद उचलून परत देणं. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘येतेस ना?’ ‘येते.’ तसंच ‘पाठवा’ला ‘पाठवतो’. इथे वर्तमानकाळ मोलाचा आहे. ‘पाठवेन’ व्याकरणाने शुद्धच, पण कानाला ते ‘कधीतरी’ वाटतं. ‘पाठवतो’ म्हटलं की माणूस कामाला लागला. ‘पाठवून देतो’सुद्धा छान. ‘पाठवून टाकतो’ मात्र जपून. ‘टाकणे’ जोडलं की कटकट एकदाची मिटवल्याचा सूर येतो. ‘ते काम करून टाका’ असं साहेब म्हणू शकतात, कारण कटकट त्यांची नसते.

‘ठीक आहे’ आणि ‘बरं’ यांची गत थोडी वेगळी. बोलताना ‘बरं’चे अर्थ स्वर ठरवतो: होकार, आश्चर्य, संशय, ‘पुढे बोला’, ‘आता पुरे’. लेखनात तो स्वर गळतो आणि वाचणारा आपल्या मनःस्थितीतला स्वर भरतो. साहेब आधीच वैतागलेले असतील तर तुमचं साधं ‘ठीक आहे.’ त्यांना नाराजीचं वाटू शकतं, शेवटच्या टिंबासकट. द्विरुक्ती तर टाळाच. ‘हो हो’ आणि ‘बरं बरं’ यांत मूळ शब्दाची अदब दुप्पट होण्याऐवजी साफ निघून जाते.

‘ओके’चं बरं आहे. 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम बिघडवलेल्या स्पेलिंगचं लघुरूप म्हणून हा शब्द गमतीत छापला गेला आणि जगभर पसरला. त्याला काळ नाही, पुरुष नाही, लिंग नाही, त्यामुळे वर-खालीही नाही. अडचण झाली की मराठी माणूस ‘ओके’कडे वळतो त्याचं हेच कारण असावं असं मला वाटतं. अंगठ्याच्या चिन्हाबद्दल मात्र माझं मत सावध आहे. मराठीत अंगठा लावणे म्हणजे सही करणे आणि अंगठा दाखवणे म्हणजे ऐनवेळी ठेंगा देणे. एकच बोट, दोन टोकांचे अर्थ. 2023 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात जवसाच्या खरेदीचा एक वाद न्यायालयात गेला, आणि कराराच्या फोटोला मेसेजवर उत्तर म्हणून पाठवलेला अंगठा ही संमतीच, असं तिथल्या न्यायाधीशांनी ठरवलं. म्हणजे पहिला अर्थ तिथे जिंकला. विक्रेत्याचं म्हणणं होतं की आपण फक्त मेसेज मिळाल्याचं कळवलं होतं.

ही सगळी काटेकोर मोजमापं नवी नाहीत. मराठेशाहीतली पत्रं उघडा, शेवटच्या दोन शब्दांवरून पायरी कळते. वरून खाली जाणाऱ्या पत्राच्या शेवटी ‘जाणिजे’, खालून वर जाणाऱ्याच्या शेवटी ‘हे विज्ञापना’, बरोबरीच्यांत ‘हे विनंती’, वडीलधाऱ्यांकडून ‘हे आशीर्वाद’. हाताखालच्याने ‘जाणिजे’ लिहिलं असतं तर ते आजच्या ‘चालेल सर’पेक्षा कितीतरी पटींनी खटकलं असतं. आता मायना गेला, समारोप गेला, उरलं एकटं क्रियापद. सगळा भार त्याच्यावर आला.

म्हणूनच ‘कृपया’ घातलं की काम झालं असं मी मानत नाही. ‘कृपया’ हे संस्कृत ‘कृपा’चं तृतीयेचं रूप, ‘कृपेने’. आपल्याकडे ते सूचनांच्या पाट्यांवर इतकं वापरलं गेलं, की ‘कृपया सही करा’ वाचताना ‘कृपया शांतता राखा’ आठवतं. ‘सही कराल का?’ त्याहून मऊ आहे. भूतकाळही मऊ असतो. ‘मला शुक्रवारी रजा पाहिजे’ ही मागणी झाली, ‘शुक्रवारी रजा हवी होती’ ही विनंती. गरज संपलेली नाही, तरी ‘होती’ म्हणून आपण ती जरा मागे सरकवतो, म्हणजे समोरच्याला नकार द्यायला जागा राहते. ‘एक विचारायचं होतं’ हे त्याचंच भावंड. आणि ‘मी येणार नाही’ऐवजी ‘मला येता येणार नाही’ म्हटलं की ‘मी’ कर्तेपणावरून उतरतो, अडचण पुढे होते. इंग्रजी माध्यमात शिकलेले तरुण सहकारी ‘मी शुक्रवारी सुट्टी घेतोय’ असं सरळ कळवतात. त्यांच्या मनात उर्मटपणा नसतो. पण रजा मंजूर करणं हेच ज्यांचं काम, त्यांना ते वाचून आपली गरजच उरली नाही असं वाटलं, तर त्यांचंही फार चुकलं म्हणता येणार नाही.

तरीही एक कबूल करतो. ‘चालेल’ची धार झपाट्याने बोथट होते आहे. तिशीच्या आतल्या पुष्कळांना ते निव्वळ ‘ओके’च वाटतं, आणि साहेबही त्याच वयाचे असतील तर या चर्चेची गरजच नाही. काही वर्षांनी ते ‘हो’इतकंच निरुपद्रवी होईल.

राहिला तुमचा पाठवलेला मेसेज. त्याचं काही करू नका. खुलासा केलात तर नसलेला मुद्दा तयार होईल. पाचच्या आत अहवाल पाठवा आणि सोबत लिहा, ‘अहवाल पाठवला आहे, पाहाल का?’ फक्त ‘बघून घ्या’ लिहू नका. ‘बघून घेणे’चा दुसरा अर्थ साहेबांनाही ठाऊक असतो.