कडकनाथ म्हणून घेतली, तुरे लाल निघाले, आता परत देता येतील का?

असे प्रश्न आता सारखेच यायला लागलेत, म्हणून एकालाच सविस्तर उत्तर देतो, बाकीच्यांनी आपलं आपलं लावून घ्या. या वाचकाने व्हॉट्सॲपवर ऑर्डर देऊन 'प्युअर कडकनाथ'ची (कडकनाथ म्हणजे तुऱ्यापासून कातडीपर्यंत काळी असणारी कोंबडीची जात) एक दिवसाची २५ पिल्लं घेतली, परसात वाढवली, दीडेक महिन्यात निम्म्यांचे तुरे लाल दिसायला लागले, विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला थांबा, वाढल्यावर काळे होतात, मग हे थांबले. आता पाचवा महिना चालू आहे आणि विचारताहेत की सगळ्या कोंबड्या परत करून पूर्ण पैसे मागता येतील का. जाता जाता हेही लिहिलंय की मध्ये पाहुणे आले तेव्हा दोन कोंबडे कापले.

दादा, तुमचा परत देण्याचा हक्क त्या दोन कोंबड्यांबरोबरच कापला गेला.

मालविक्री कायदा १९३०, कलम ४२. माल ताब्यात आल्यावर तुम्ही मालकासारखं काही केलंत, किंवा वाजवी मुदतीत 'मला हा माल नको' असं न कळवता ठेवून घेतलात, की तुम्ही तो स्वीकारला असं धरतात. कापून खाणं यापेक्षा मालकासारखं दुसरं काय करणार? आणि ते सोडलं तरी, दीड महिन्यात शंका आली तेव्हा एक ओळ लिहून पाठवायला काय झालं होतं? फोनवर बोललो म्हणता, त्याचा पुरावा काय? 'वाढल्यावर काळे होतील' हे त्याने मेसेजमध्ये लिहिलं असतं तर उशीर त्याच्याच गळ्यात घालता आला असता. वाजवी मुदत म्हणजे किती दिवस हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते परिस्थिती बघून ठरतं, आणि पिल्लू मोठं झाल्याशिवाय जात नीट कळत नाही हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, पण कळल्यानंतरचे तीन महिने गप्प बसलात त्याचं काय सांगणार?

तरी सगळं गेलेलं नाही. वर्णन सांगून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, हे कलम १५. स्वीकारल्यानंतर परत देता येत नाही पण नुकसानभरपाई मागता येते, कलम १३ आणि ५९. म्हणजे साधारणपणे कडकनाथची किंमत आणि जे मिळालं त्याची किंमत यातला फरक. खाद्याचा सगळा खर्च मागू नका, खरे कडकनाथ असते तर ते काय उपाशी राहिले असते?

आता सगळं अडतं ते 'कडकनाथ' हा शब्द लेखी कुठे आहे यावर. तुमच्या बिलावर नुसतं 'पिल्ले, नग २५' आहे, मग उरलं व्हॉट्सॲप. त्या चॅटवर डिसअपिअरिंग मेसेज (ठरावीक वेळाने आपोआप पुसले जाणारे) चालू असेल तर आज, आत्ता बंद करा. फोन बदलू नका. नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, पुढे साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल, त्यावर तुमची आणि तज्ज्ञाची सही लागते, तयारी वकील करून देईल.

जातीबद्दलही घाई नको. सोनेरी किंवा पांढरट रेघांची पिसं दिसली म्हणून फसवणूक म्हणू नका, कडकनाथमध्ये काळा, पेन्सिल्ड आणि गोल्डन असे तिन्ही प्रकार असतात, आणि अंडं काळं नसतं हे पण समजून घ्या, त्यावरून भांडणारे लोक मी पाहिलेत. बघायचं ते तुरा, जीभ, पाय, कातडी. तुरा लालभडक आणि पाय पिवळे असतील तर तुमचं म्हणणं भक्कम. चोच उघडून जिभेचे आणि पायांचे फोटो काढा, उजेडात, प्रत्येक पक्ष्याचे वेगळे, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून लेखी काही मिळतं का बघा, मिळेलच असं सांगत नाही.

ग्राहक आयोगात जाता येईल. खोटा दर्जा सांगून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत दोन वर्षं, आणि ती पिल्लं मिळाली त्या दिवसापासूनच धरा, 'मला नंतर कळलं' यावर विसंबू नका. अंडी विकायला सुरू केलं असेल तर समोरचा 'हा धंदा आहे, हे ग्राहकच नाहीत' म्हणेल, त्यावर पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराचा अपवाद आहे, तो लागू होईल का हे किती विकता त्यावर. निकाल कायद्याने तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच. हे तारखा घेत बसलेल्यांना सांगा. चाचणीसाठी नमुना सील करून लॅबला पाठवायचा असतो, जिवंत कोंबडीला सील कुठे मारणार ते मलाही बघायचंय.

'चारशेवीस लावता येईल का' याचं उत्तर: ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि विकतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. त्यालाही कुणी क्रॉस (मिश्र जातीची) पिल्लं प्युअर म्हणून दिली असू शकतात. पोलीस ठाण्यात चकरा मारण्यापेक्षा या आठवड्यात स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, त्यात कधी घेतली, काय म्हणून घेतली, कधी कळलं, किती फरक हवा एवढंच लिहा. परत घ्या असं लिहू नका, नाहीतर तो पहिलं विचारेल दोन कुठे गेले.