रिकाम्या मजल्यांच्या शहरात काम सुरू करताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

महापौरांच्या कार्यालयात डाउनटाउनचं, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या ऑफिसांच्या भागाचं, काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. पहिल्याच बैठकीत व्यापाऱ्यांनी विचारलं, 'माणसं ऑफिसात परत कधी येणार?' आणि तुला उत्तर सुचेना, असं तू लिहितेस. त्यांना खरं ते सांग. जी यायची होती, ती बहुतेक आधीच परत आली आहेत. कोविडच्या आधी अमेरिकेत पगारी कामाच्या 100 दिवसांतले फार तर 7 दिवस घरून व्हायचे. आता साधारण 25 होतात, आणि 2023 पासून आकडा तिथेच घुटमळतोय. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी पाच दिवसांची सक्ती केली, त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या, तरी फार फरक पडला नाही. 'परत कधी'च्या आशेवर बसलेल्या महापौराची अख्खी मुदत त्या आशेतच संपते.

वॉशिंग्टनचं बघ. महापौर म्युरिएल बाउझर यांनी जानेवारी 2023 मध्ये, तिसऱ्यांदा शपथ घेताना, केंद्र सरकारला जाहीरपणे सांगितलं: कर्मचाऱ्यांना ऑफिसात बोलवा, नाहीतर इमारती आमच्या ताब्यात द्या, आम्ही तिथे घरं करू. डाउनटाउनमध्ये आणखी 15,000 रहिवासी आणायचं लक्ष्यही त्यांनी ठेवलं. पुढे 2025 मध्ये केंद्राने कर्मचाऱ्यांना खरंच परत बोलावलं, आणि त्याच वर्षी नोकरकपातही सुरू केली. म्हणजे मागणीचा पहिला भाग मान्य झाला तरी त्याचं पुढे काय होणार, हे शहराच्या हातात नव्हतंच. घरांचा भाग मात्र बऱ्याच अंशी शहराच्या हातातला होता. तू तुझी ताकद तिथे लाव.

पण घरांच्या आधी हिशेब. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच पुढारी टाळतात. ऑफिसचे भाडेपट्टे पाच-दहा वर्षांचे असतात, त्यामुळे इमारत आज निम्मी रिकामी झाली तरी शहराच्या तिजोरीत ते लगेच दिसत नाही. पट्टा संपतो, भाडेकरू निम्मी जागा सोडतो, इमारतीची किंमत उतरते, त्या किमतीवर बसणाऱ्या मालमत्ता कराविरुद्ध मालक अपील करतो आणि जिंकतो. मग एखाद्या वर्षी अर्थखातं सांगतं की मोठा खड्डा पडलाय. शहराचा खर्च तर तेवढाच असतो: अग्निशमन दल तेच, रस्ते तेच, शाळा त्याच. उरलेला बोजा घरमालकांवर आणि डाउनटाउनबाहेरच्या छोट्या दुकानांवर सरकतो.

कॅनडात कॅलगरीने हे कोविडच्या आधीच भोगलं. 2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले, तेल कंपन्यांचे मनोरे ओस पडले, त्यांच्या किमती घसरल्या, आणि डाउनटाउनपासून कितीतरी लांब असलेल्या छोट्या व्यावसायिकांच्या हातात करवाढीची बिलं पडली. जून 2019 मध्ये ही माणसं सिटी हॉलसमोर जमली. त्यांच्यापैकी कित्येकांचा त्या मनोऱ्यांशी काडीचाही संबंध नव्हता. शेवटी नगर परिषदेला घाईघाईने सुमारे 6 कोटी डॉलरची खर्चकपात करून सवलत द्यावी लागली. बॉस्टनचं दोन-तृतीयांशाहून जास्त उत्पन्न मालमत्ता करातून येतं. तिथे महापौर मिशेल वू यांनी 2024 मध्ये घरमालकांवरचा भार काही काळ हलका ठेवण्यासाठी व्यावसायिक कराचा दर थोडा चढा ठेवू द्या, असा प्रस्ताव राज्याकडे नेला. तो राज्याच्या सिनेटमध्ये अडकला. तू बाजू कोणाचीही घे, पण निदान तिथे हा बोजा कोणी उचलायचा याची चर्चा उघड्यावर झाली.

म्हणून अर्थखात्याकडून आधी एक तक्ता मागव: डाउनटाउनमधल्या कोणत्या इमारतीचे पट्टे कोणत्या वर्षी संपतात, आणि त्या इमारतीची किंमत उतरली तर कोणत्या वस्तीचं बिल किती वाढतं. तो मिळायला वेळ लागेल, 'अशी माहिती आम्ही ठेवत नाही' असंही ऐकायला मिळेल. चिकाटी सोडू नकोस. मिळाला की महापौरांना तो लोकांसमोर स्वतः वाचून दाखवायला सांग. वाईट बातमी आधी महापौरांच्या तोंडून आली तर लोक पुढचं ऐकून घेतात. तीच करबिलातून कळली की विश्वास जातो, आणि त्यानंतर कितीही चांगली योजना आणली तरी ती कुणाच्या तरी खिशात जाणार असंच लोकांना वाटतं.

आता ऑफिसांची घरं करण्याबद्दल. भाषणात हे फार सोपं वाटतं. तू एकदा 1970 च्या दशकातल्या एखाद्या मनोऱ्याच्या मोकळ्या मजल्यावर जाऊन मधोमध उभी राहा. खिडकी लांब कुठेतरी दिसेल. लिफ्ट, जिना, स्वच्छतागृहं आणि पाण्याचे नळ सगळे मधल्या गाभ्यात एकवटलेले. या मजल्याची पंचवीस घरं करायची तर प्रत्येक स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला स्वतंत्र सांडपाण्याची वाट हवी, म्हणजे काँक्रीटच्या स्लॅबला ठिकठिकाणी भोकं पाडावी लागणार. आणि प्रत्येक झोपायच्या खोलीला खिडकी हवी, मजल्याच्या मध्यभागी ती कुठून आणणार? न्यूयॉर्कमध्ये 25 वॉटर स्ट्रीट या 1960 च्या दशकातल्या इमारतीची सुमारे 1,300 घरं करताना इमारतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत दोन चौक कापून काढावे लागले. कापलेली जागा भरून काढायला वर दहा मजले चढवले. असं धाडस प्रत्येक इमारतीत परवडत नाही.

जुन्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या इमारतींचं तसं नाही. त्या काळी उजेड आणि वारा खिडकीतूनच यायचा, त्यामुळे मजले अरुंद ठेवले जात. न्यूयॉर्कच्याच लोअर मॅनहॅटन भागात 1990 च्या दशकात ऑफिसं मोठ्या प्रमाणावर रिकामी पडली, तेव्हा 1995 मध्ये करसवलत आणली गेली. तिच्यातून सुमारे 1 कोटी 30 लाख चौरस फूट जागेची जवळपास 13,000 घरं झाली. आज तिथे शाळा आहेत, रात्री खिडक्यांत दिवे असतात. पण हे व्हायला दशकं गेली आणि त्यात कितीतरी महापौर आले नि गेले. तुझ्या शहरातल्या इमारतींची यादी वयानुसार आणि मजला खिडकीपासून आत किती लांब जातो त्यानुसार लाव. घरं करण्याजोग्या किती, दुरुस्त करून ऑफिसच ठेवायच्या किती आणि पाडूनच टाकायच्या किती, हे त्या यादीतून कळेल. पाडायच्या इमारतींचं नाव काढायचीसुद्धा लोकांना भीती वाटते. तू काढ.

मदत द्यायचीच तर कॅलगरीची पद्धत मला पटते. 2021 पासून त्यांनी ऑफिसचं घरांत रूपांतर करणाऱ्याला चौरस फुटाला 75 डॉलरपर्यंत अनुदान ठेवलं, आणि पैसे काम पूर्ण झाल्यावर. 2031 पर्यंत 60 लाख चौरस फूट ऑफिस कमी करायचं त्यांनी उघडपणे जाहीर केलं. 'आपल्याकडे ऑफिस जास्त झालंय' हे एका शहराने स्वतःच्या तोंडाने म्हणणं, यात मला खरं नेतृत्व दिसतं.

वाहतुकीबद्दल थोडंच. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे कोविडआधी चालवण्याचा बहुतेक खर्च तिकिटांतून भागवायची. आता प्रवासी निम्म्याहून कमी. अशा वेळी फेऱ्या कापायचा मोह होतो. रात्रीच्या आणि रविवारच्या फेऱ्या कापू देऊ नकोस. डाउनटाउनमध्ये घरं बांधून तिथल्या रहिवाशाला गाडी घ्यायला लावलीस तर पार्किंगसाठी पुन्हा जागा खर्ची पडेल.

तळमजल्यावरच्या दुकानांकडे लक्ष दे. दुपारच्या जेवणावर चालणाऱ्या दुकानात मंगळवार ते गुरुवार गर्दी असते, सोमवारी-शुक्रवारी मालक दारात उभा असतो. भाडं मात्र आठवड्याच्या पाचही दिवसांचं. सॅन फ्रान्सिस्कोने 2023 मध्ये रिकाम्या गाळ्यांत काही महिने बिनभाड्याने छोटे व्यवसाय बसवले, त्यातले काही पुढे टिकले. चांगली सुरुवात आहे. पण रंगीत भित्तिचित्रं आणि संध्याकाळचे संगीत कार्यक्रम यांनाच योजना समजणारे सल्लागार तुला भेटतील. पाळणाघर, किराणा, दवाखाना, सार्वजनिक स्वच्छतागृह हे त्यांच्या सादरीकरणात कुठे आहे ते आधी विचार.

शेवटची विनंती. या सगळ्या चर्चेत बोलतात ते इमारतींचे मालक, कंपन्या आणि घरून काम करता येणारे लोक. ज्यांना घरून काम करायची सोय कधी नव्हतीच, ते रात्री मजले पुसणारे, पहारा देणारे, उपाहारगृहात भांडी घासणारे, बस चालवणारे, यांचे कामाचे तास आणि पगार सगळ्यांत आधी तुटले. मजला बंद झाला की त्याची सफाईही बंद होते. तुझी जाहीर सुनावणी दुपारी दोनला ठेवली असेल तर ती बदलून घे. पहाटे पाळी सुटण्याच्या वेळी एक ठेव, रात्री पाळी सुरू होण्याआधी एक, आणि त्यांच्या भाषांचे दुभाषे बसव. त्यांना डाउनटाउनमध्ये राहायला परवडेल अशी किती घरं तुमच्या आराखड्यात आहेत, हा आकडा हाताशी ठेवूनच तिथे जा. ते विचारतीलच.

सुनावणी झाली की कोण बोललं आणि त्यांनी काय मागितलं, ते मला सविस्तर कळव. तक्ता मिळाला तर तोही पाठव, आपण बसून वाचू.

तुझा,
काका