भागीदार प्रार्थनेला उभे असतात तेव्हा

प्रश्न: आम्ही लंडनला असतो. माझ्या मिस्टरांचे धंद्यातले भागीदार स्टॅमफर्ड हिलचे हसिदी ज्यू आहेत. हिवाळ्यात ऐन कामाच्या वेळी ते कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, डुलत पुटपुटतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत. मिस्टरांना हा अपमान वाटतो. काय करावं?

उत्तर: ताई, यात अपमान मुळीच नाही. ही त्यांची ‘मिन्हा’, रोजच्या तीन प्रार्थनांपैकी दुपारची. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणून ती कामाच्या वेळेतच उरकावी लागते. तिच्या गाभ्याला ‘अमिदा’ म्हणतात. उभ्यानं, पाय जुळवून म्हणायची ही 19 स्तवनं चालू असताना बोलत नाहीत.

हसिदी पंथ 18व्या शतकात आजच्या युक्रेनच्या भागात रुजला. त्याचे प्रवर्तक बाल शेम तोव सांगत की देव नाही अशी जागाच नाही, आणि प्रार्थना म्हणजे त्याला बिलगणं. मग ऐन प्रार्थनेत थकलेल्या बिलाची काळजी डोक्यात आली तर? ते म्हणत, त्या विचारातही दैवी ठिणगी अडकलेली असते. वर उचललं जावं म्हणूनच तो विचार येतो. संसारी माणसाला इतकं सांभाळून घेणारी शिकवण मला फार मोलाची वाटते.

त्यांच्याच परंपरेतले श्नेउर झाल्मन मात्र ‘तान्या’ या 1796 साली छापलेल्या ग्रंथात सावध करतात: विचार वर उचलणं हे सिद्धपुरुषांचं काम. इतरांनी त्याच्याशी वाद घालत बसू नये, खचूही नये. मन अधिक जोरानं प्रार्थनेत घालावं. त्यांच्या मते असे विचार येणं हीच आतली झुंज चालू असल्याची खूण. तुमचे भागीदार कोपऱ्यात उभे असतात तेव्हा त्यांचं असं काम चाललेलं असतं.

तेव्हा यजमानांना सांगा, त्यांच्या अगदी समोरून जाऊ नका, खांद्याला हात लावू नका. तीन पावलं मागे येऊन ते झुकले की अमिदा संपत आली असं समजा. हिवाळ्यात तीन ते चारच्या दरम्यान गिऱ्हाईक बोलवू नका. शुक्रवारी तर दुपारनंतर काहीच नको, शब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सूर्यास्ताआधीच लागतो. तुम्ही स्वतः गेलात तर हस्तांदोलनाला हात पुढे करू नका, परस्त्रीचा स्पर्श ते टाळतात. आपला नमस्कार पुरे.

आणि एखाद्या निवांत वेळी यजमानांनी त्यांनाच विचारावं, प्रार्थनेत दुकानाचा हिशेब आठवला तर तुम्ही काय करता?