हेबिअस कॉर्पस म्हणजे ‘मढं हजर करा’ नव्हे

प्रश्न असा आला होता: ‘पेपरात सारखं हेबिअस कॉर्पस याचिका असं वाचतो. कॉर्पस म्हणजे प्रेतच ना? मग डांबून ठेवलेल्या जिवंत माणसासाठी हा शब्द का? मराठीत देहोपस्थिती म्हणायचं की बंदी प्रत्यक्षीकरण? आणि ते मँडॅमस, सर्शिओरारी वगैरे काय आहे ते पण सांगा.’

आधी प्रेताचं उरकून घेऊ. लॅटिनमधे कॉर्पस म्हणजे नुसतं शरीर, त्यात जीव आहे की नाही याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. त्यातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजीतला प्रेतवाला कॉर्प्स आला, सैन्यातली कोअर आली, आणि आपलं कॉर्पोरेशन पण तिथूनच आलं, कारण अनेक माणसं मिळून कायद्याच्या नजरेत एकच देह. म्हणजे गल्लीतला कॉर्पोरेटर आणि इंग्रजी डिटेक्टिव गोष्टीतलं मढं हे चुलतभाऊ निघाले, विनोद तुम्हीच करा. मुंबईत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की जिन्यात ‘बिल्डर कॉर्पस किती देतोय’ चालू होतं, तो कॉर्पस पण हाच.

आता खरी गोष्ट. हेबिअस कॉर्पस हे मुळात नाव नाहीच, ते एका पत्रातल्या वाक्याचा तुकडा आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे शब्द आपोआप सुटतात. मध्ययुगात इंग्लंडच्या राजाच्या नावाने शेरीफला, तुरुंगाधिकाऱ्याला, खालच्या कोर्टाला छोटी छोटी पत्रं जायची, लॅटिनमधे. रिट म्हणजे तेच, लिहिलेली चिठ्ठी. लॅटिनमधे तिला ब्रेव्हे म्हणायचे, म्हणजे आखूड पत्र, त्यातूनच वकिलाचं ब्रीफ आणि ते ठेवायची ब्रीफकेस. आता अशी शेकडो पत्रं, सगळ्यांची सुरुवात ‘राजा अमुक यांजकडून शेरीफ तमुक यास’ अशीच, मग ओळखायची कशी? तर पत्रातला जो शब्द त्या प्रकाराला खास असेल तेच त्याचं नाव. आपण नाही का म्हणत ‘शुभंकरोति म्हटलीस का’? शुभं करोति म्हणजे ‘शुभ करतो’ किंवा ‘करते’, ते क्रियापद आहे, पण आपल्याकडे ती एक वस्तू झाली, संध्याकाळी म्हणायची. जेवायच्या आधीचं वदनी कवळ तसंच.

तर हेबिअस कॉर्पसच्या पत्रात साधारण असं असायचं, की अमुक माणूस तुझ्या कोठडीत आहे म्हणतात, त्याचा देह अमुक दिवशी आमच्यापुढे घेऊन ये, त्याला का धरलंय तेही सांग, आणि मग आम्ही ठरवू ते त्याला लागू. हेबिअस म्हणजे ‘तुझ्यापाशी असू दे’, ‘घेऊन ये’, आणि देह म्हणायचं कारण म्हणजे कागद नको, निरोप नको, माणूस सदेह पाहिजे. पूर्ण नाव हेबिअस कॉर्पस अ‍ॅड सब्जिशिएंडम, कारण हेबिअस कॉर्पसचे पण प्रकार होते, तुरुंगातल्या कैद्याला साक्षीसाठी आणायचं तर अ‍ॅड टेस्टिफिकँडम. नुसतं हेबिअस कॉर्पस म्हटलं की आज तो पहिलाच समजायचा.

इथे संस्कृत शिकलेल्यांनी जरा कान टवकारा. शाळेत पठामि पठावः पठामः घोकलंय ना? त्या पठामः चा विसर्ग म्हणजे मुळातला स्, पठामस्. आता मँडॅमस म्हणा. तोच प्रत्यय! प्रथम पुरुष अनेकवचन, ‘आम्ही आज्ञा करतो’, आणि आम्ही म्हणजे एकटे राजेसाहेबच, आदरार्थी. कॅव्हेट घ्या, कोर्टात ‘आम्हाला विचारल्याशिवाय स्टे देऊ नका’ म्हणून आधीच लावून ठेवतात ते, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८अ, ९० दिवस चालतं, तर त्याचा अर्थ ‘त्याने सावध राहावं’. भवेत्, पठेत् मधला त् आणि कॅव्हेटचा ट एकच. हेबिअसचा शेवटचा स म्हणजे पठेः चा विसर्ग, ‘तू’ साठीचा. लॅटिन आणि संस्कृत लांबच्या बहिणी असल्याचं आपण ऐकून असतो, पण सेशन कोर्टाच्या आवारात त्या अशा भेटतील असं वाटत नाही.

मँडॅमस कधी लागतं? सरकारी खात्याला कायद्याने जे काम करायलाच पाहिजे ते करत नसेल तेव्हा. पण लोकांचा एक गैरसमज असतो की मँडॅमस मिळालं म्हणजे परवाना मिळालाच. तुमचा अर्ज दोन वर्षं कोणी दाबून ठेवला तर कोर्ट बहुतेक वेळा ‘निर्णय घे’ एवढंच सांगतं, ‘हो म्हण’ असं नाही. याच धातूतून मँडेट आलं, ज्याला निवडणुकीच्या बातम्यांत जनादेश म्हणतात.

सर्शिओरारी हा उच्चाराला सगळ्यात अवघड आणि अर्थाला सगळ्यात सभ्य. सर्टन म्हणजे नक्की, त्यातून ‘अधिक नक्की माहिती करून दिली जाणं’. राजा वरून म्हणतो की त्या खटल्यात काय झालं याबद्दल आम्हाला खात्री करून घ्यायची आहे, तरी कागदपत्रं वर पाठव. भाषा कशी मऊ, आणि परिणाम म्हणजे खालच्या कोर्टाचा किंवा प्राधिकरणाचा निकाल रद्द. प्रोहिबिशन त्याचाच धाकटा भाऊ, निकाल व्हायच्या आधीच ‘थांब, हा तुझा अधिकार नाही’ म्हणणारा. त्याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

को वॉरंटो मात्र माझा लाडका. ‘कोणत्या अधिकाराने?’ बस, एवढंच. अस्सल मराठीत ‘तू कोण टिकोजीराव?’ एडवर्ड पहिला या राजाने जहागीरदारांना हाच प्रश्न विचारत सुटायचा सपाटा लावला होता, १२९० साली त्यावर कायदाच झाला, आणि एका सरदाराने म्हणे गंजलेली तलवार पुढे करून सांगितलं की हे माझं वॉरंट, माझ्या पूर्वजांनी हिच्यावर जमीन मिळवली. दंतकथा असेल, पण झकास आहे. आपल्याकडे कायद्याने पात्र नसलेला माणूस सार्वजनिक पदावर बसला की हे रिट लागतं. २००१ मधे जयललितांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं ते सुप्रीम कोर्टाने याच प्रश्नावर दिलेल्या निकालामुळे. आणि वॉरंट हा शब्द मुळात लॅटिन नाहीच, जर्मॅनिक आहे, त्याला लॅटिन कपडे चढवलेत. फ्रेंचांच्या एका बोलीत व राहिला आणि दुसरीत त्याचा ग झाला, म्हणून इंग्रजीत दोन्ही शिरले, वॉरंटी आणि गॅरंटी. मिक्सर घेताना दुकानदार ‘वॉरंटी आहे, गॅरंटी नाही’ सांगतो तेव्हा तो एकाच शब्दाचे दोन उच्चार विकत असतो.

सबपीना म्हणजे ‘दंडाच्या धाकाखाली’. ये, नाहीतर इतके पौंड भर. पीनल कोडमधला पीनल इथलाच. आपल्या कोर्टात सबपीना फारसं कोणी म्हणत नाही, साक्षीसमन्स म्हणतात. फायरी फेशिअस म्हणजे ‘करवून घे’, देणेकऱ्याच्या मालातून पैसे वसूल करवून घे असं शेरीफला सांगणारं. आपल्याकडे त्याच्या जागी दरखास्त, जप्ती आणि बेलीफ. हे बघा, दरखास्त फारसी, जप्ती अरबीतून आलेली, बेलीफ फ्रेंच-इंग्रजी, आणि हे सगळं मराठी वाक्यात सुखाने नांदतंय. क्रियापदाचं नाव होणं पण आपल्याला नवीन नाही, शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ असायचं, ते फारसी मुरत्तब शुद, म्हणजे ‘सिद्ध झालं’. आज आपण शिक्कामोर्तब म्हणतो आणि त्यात कधी काळी वाक्य होतं हे कोणाच्या गावीही नसतं.

आता मराठी प्रतिशब्दांकडे. राज्यघटनेच्या मराठी आवृत्तीत कलम ३२ मधे देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण असे शब्द आहेत (क्रमाने हेबिअस कॉर्पस, मँडॅमस, प्रोहिबिशन, को वॉरंटो, सर्शिओरारी), आणि रिटला प्राधिलेख. बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, अधिकारपृच्छा, उत्प्रेषण हा हिंदीवाला संच, तो स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून आपल्याकडे पसरला. दोन्ही बरोबरच, पण माझं मत विचाराल तर देहोपस्थिती हे शब्दाला शब्द आहे आणि त्यामुळेच फसलंय, तुमच्यासारखाच कोणालाही प्रेताचा भास होतो. बंदी प्रत्यक्षीकरण लांबलचक आहे पण काय होतं ते सांगतं. महादेश आणि परमादेश दोन्हीत उगाच मोठेपणा घुसवलाय, मूळ शब्दात तो नाही. प्राकर्षण म्हणजे वरून ओढून घेणं, उत्प्रेषण म्हणजे खालून वर पाठवणं, एकच फाइल, फक्त बघणारा कुठल्या मजल्यावर उभा आहे एवढाच फरक. आणि क्वाधिकार करणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. संस्कृतात क्व म्हणजे कुठे, ‘अधिकार कुठाय?’, शिवाय कानाला को वॉरंटोसारखंच लागतं, आणि को आणि क्व खरंच एकाच मुळाचे.

देहोपस्थितीवरून आठवलं, या रिटवरून आपल्याकडे केवढं रामायण झालंय. १८२८ मधे पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या एका मुलाला घरातले वडीलधारे पांडुरंग रामचंद्र यांनी ताब्यात ठेवलंय म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने (हायकोर्ट १८६२ चं, हे त्याच्या आधीचं) हेबिअस कॉर्पस काढलं. गव्हर्नर जॉन माल्कम म्हणाला, पुण्याच्या सरदार घराण्यांत तुमच्या कोर्टाने नाक खुपसायचं नाही, मी अंमल करू देणार नाही. त्याच वर्षी तीनपैकी दोन न्यायाधीश वारले, उरलेला जॉन पीटर ग्रँट असा चिडला की १८२९ मधे त्याने कोर्टच बंद करून टाकलं. लंडनहून लॉर्ड एलनबरोने, म्हणजे कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्डाच्या अध्यक्षाने, माल्कमला लिहिलं की ग्रँट आता दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानटी हत्तीसारखा राहील, म्हणजे नवे दोन न्यायाधीश आपलेच, आणि ते खासगी पत्र पेपरात फुटलं. शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपिलाच्या ठिकाणाने, सांगितलं की मुंबईच्या हद्दीबाहेर असं रिट चालत नाही. ‘देह घेऊन ये’ एवढं साधं वाक्य, पण कोणाचा देह आणि कोणाच्या हद्दीत यावर सगळं अडलं.

आणि गंमत बघा, खुद्द इंग्लंडच्या कोर्टांत लॅटिन १७३३ मधेच बंद झालं, १९३८ मधे मँडॅमस, सर्शिओरारीचं रिटपण गेलं आणि त्यांना ऑर्डर म्हणायला लागले, २००४ पासून तर ते साध्या इंग्रजीत मँडेटरी ऑर्डर, क्वॉशिंग ऑर्डर म्हणतात. हेबिअस कॉर्पस तेवढं ठेवलं. पाचही नावं आपल्या घटनेत मात्र जशीच्या तशी आहेत.

जाता जाता, पेपरवाल्यांचं ते ‘सुमोटो’. मूळ सुओ मोटू, ‘स्वतःच्या प्रेरणेने’, शेवटी ऊ. पण सुमोटो इतकं रुळलंय की दुरुस्त करत बसू नका, जपानी पैलवान वाटला तरी चालेल.

आणि ज्यांना वाटतं की लॅटिन वकिलांपुरतंच आहे त्यांच्यासाठी, अ‍ॅफिडेव्हिटमधला फिड आणि बोनाफाईडमधला फाईड एकच, फिडेस म्हणजे भरवसा. बोना फिडे म्हणजे ‘चांगल्या भरवशाने’. परवाच आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘पोराचं बोनाफाईड काढायचंय शाळेतून, अर्ज लिहून देता का?’ दिला लिहून.